'खातं बदललंय' असा मेल आला तर
उद्यमनगरात ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांनी हे बघाच. ज्या पार्टीकडनं आपण माल घेतो तिच्या नावानं मेल येतोय, आमचं बँक खातं बदललंय, ह्या बिलाचे पैसे नवीन खात्यावर टाका, आणि आजच टाका. नाव, लोगो, बिल नंबर सगळं बरोबर असतंय, म्हणून गडबडू नका भावांनो, मेल फसवणाऱ्याचा असू शकतोय. पाठवणाऱ्याच्या नावावर टच करून पूर्ण मेल पत्ता वाचा, इंग्रजी एमच्या (m) जागी आर आणि एन (rn) चिकटून लिहिलेले असू शकतात, चष्मा लावूनपण पटकन कळत नाही. कधीकधी पार्टीचंच मेल अकाउंट हॅक झालेलं असतंय मग पत्ताही खराच दिसणार, त्यामुळं फोन कराच, पण मेलमधल्या नंबरवर न्हवं, आपल्याकडं आधीपासनं सेव्ह असलेल्या. मेल डिलीट करू नका, तक्रारीला लागतो. पैसे गेलेच तर लगेच बँकेला आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सोमवारी बघू म्हणत बसायचं नाही.