पहिल्यांदाच क्रूझला निघताय? पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

“बोट लागली तर गं?” क्रूझला जाऊ या म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न हाच विचारला. लहानपणी ती देवगडहून बोटीने मुंबईला यायची. डेकवर सतरंजी अंथरायची, हातात लिंबू धरायचं आणि भाऊचा धक्का कधी येतो याची वाट बघायची, एवढीच तिची बोटीची आठवण. तिला उत्तर द्यायचं म्हणून मी चौकशी सुरू केली आणि एकातून दुसरा असे प्रश्न निघतच गेले. आमची मुंबई–गोवा–मुंबई सफर छान झाली. ती छान झाली ती घरी बसून केलेल्या तयारीमुळे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ती तयारी ज्या क्रमाने करावी, त्याच क्रमाने लिहिते आहे.

१. आधी महिना ठरवा, मग मार्ग

अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ती भर पावसाळ्यातच. आजची जहाजं त्या बोटीच्या कितीतरी पट मोठी आहेत, पण समुद्र तोच आहे. आपल्या किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. पहिल्या खेपेला, त्यातून वडीलधारी माणसं बरोबर असतील तर, डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. समुद्र शांत असतो आणि डेकवर दुपारीही बसवतं.

मग मार्ग. मुंबईहून सुटणाऱ्या काही सफरी नुसत्या समुद्रात फिरून परत येतात, कुठेही उतरवत नाहीत. काही गोव्याला जातात, काही कोचीला, काही लक्षद्वीपला. जाहिरातीत फोटो सगळ्यांचे सारखेच असतात, म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: जहाज कुठल्या बंदरात, किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार? त्या दोन वेळांमधून चढण्या-उतरण्याचे दोन-तीन तास वजा करा. उरतील ते तुमचे.

लक्षद्वीपचं वेगळं सांगायला हवं. अगत्तीसारख्या बेटाभोवती प्रवाळाची उथळ खाजणं आहेत, मोठं जहाज धक्क्याला लागूच शकत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि लहान बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. आई हे ऐकून लगेच म्हणाली, “म्हणजे पडावच की!” अगदी तेच. देवगड-मालवणला बोट बाहेर उभी राहायची आणि उतारू पडावात उतरायचे. फरक इतकाच की आता हात धरायला खलाशी असतात आणि अंगात लाइफ जॅकेट असतं. तरीही हलत्या बोटीत पाय टाकावाच लागतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस बरोबर असेल तर आधीच विचार करा. समुद्राला उधाण असेल तर हे उतरणं रद्दही होतं, आणि बंदर वगळण्याचा हक्क कंपन्यांनी अटींमध्ये स्वतःकडे ठेवलेला असतो. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढणार की तुम्ही, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

२. केबिन: इथे घाई करू नका

केबिनचे मुख्य प्रकार चार. आतली, म्हणजे खिडकी नसलेली; बंद खिडकीची; बाल्कनीची; आणि सूट, म्हणजे मोठी, ऐसपैस केबिन. आतली केबिन सगळ्यांत स्वस्त. तिच्यात दिवा बंद केला की मिट्ट काळोख होतो, सकाळ झाली की नाही कळत नाही. तरुण मंडळी फक्त झोपायला केबिनमध्ये येणार असतील तर तीच घ्यावी आणि वाचलेले पैसे गोव्यात खर्च करावेत. ज्यांना बंद जागेत गुदमरतं किंवा जे दुपारी तासभर आडवे होणारच, त्यांच्यासाठी निदान खिडकी हवी.

पण प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची, आणि एजंट हे क्वचितच आपणहून सांगतात. जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त वरखाली होतं. वरच्या मजल्यांवर डुलणं जास्त जाणवतं. बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या डेकवरची, लांबीच्या मध्यावरची केबिन मागा. ती बहुधा महागही नसते. नंतर डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या केबिनच्या वर-खाली काय आहे ते बघा. वर नाचाचा हॉल असेल तर रात्री दोनपर्यंत झोप विसरा. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली इतरांच्या केबिन असतील तर ती शांत. लिफ्ट जवळ हवी, पण अगदी दाराशी नको.

‘गॅरंटी’ नावाने स्वस्तात मिळणाऱ्या केबिनमध्ये प्रकार ठरलेला असतो, जागा कंपनी देते. आईबाबांसाठी ती घेऊ नका.

माणशी भाडं दोघं एका केबिनमध्ये आहेत असं धरून लिहिलेलं असतं. एकटं जाणाऱ्याला बऱ्याचदा दुसऱ्या माणसाचंही भाडं भरावं लागतं. तिसरं-चौथं माणूस वर उघडणाऱ्या पलंगावर झोपतं, आणि त्या पलंगाला शिडी असते. आजीला तिथे चढवू नका.

३. ‘सगळं आत’ म्हणजे नक्की काय काय?

जाहिरातीतल्या भाड्यावर बंदराचे आकार आणि कर चढतात, कर्मचाऱ्यांसाठीचा सेवा आकारही कधी वेगळा असतो. हे सगळं मिळून शेवटचा आकडा लेखी मागा आणि दोन सफरींची तुलना त्या आकड्यावरच करा.

मुख्य जेवणघर, बुफे आणि बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. दारू, थंड पेयं, खास रेस्तराँ, स्पा, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुधा येत नाहीत. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड मिळतं, तेच दाराची किल्ली आणि तेच उधारीचं खातं. मुलांच्या हातातही ते कार्ड असतं, म्हणून त्यांच्या कार्डावरची खरेदी बंद करून देता येते का, ते पहिल्याच दिवशी विचारा.

जेवणाचं म्हणाल तर मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची अडचण येत नाही. परदेशी जहाजावर मात्र तशी नोंद काही आठवडे आधी करावी लागते, आणि ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं धरतात का हे स्पष्ट विचारावं लागतं.

४. कागदपत्रं

देशातल्या सफरीला फोटो असलेलं मूळ ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं, मुलांचंही. झेरॉक्सवर अवलंबून राहू नका. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळू द्या. माहेरचं-सासरचं नाव हा आपल्याकडे नेहमीचा घोळ आहे, तो धक्क्यावर सुटत नाही.

परदेशातून सुटणारी क्रूझ असेल तर पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही निदान सहा महिने चालणारा हवा. व्हिसाचं गणित इथे वेगळं असतं. सिंगापूरहून जहाजाने पेनांगला जाऊन परत आलात तर सिंगापुरात तुमचा प्रवेश दोनदा होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. व्हँकुव्हरहून अलास्काला जाऊन तिथेच परत यायचं तर कॅनडाचा व्हिसा लागतोच, शिवाय अमेरिकेचाही लागतो, कारण अलास्का अमेरिकेत आहे. ज्या-ज्या देशाच्या बंदरात जहाज लागणार त्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर व्हिसा लिहा. जहाजावरून उतरणार नसलात तरी काही ठिकाणी तो लागतो.

विमानाने जाऊन जहाज पकडायचं असेल तर आदल्या दिवशी त्या शहरात पोचा. पुण्याहून मुंबईला येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. घाटात एक ट्रेलर आडवा झाला की चार तास जातात, आणि जहाज थांबत नाही.

५. आणि बोट लागली तर?

डोळ्यांना केबिनची भिंत स्थिर दिसते आणि कानातला तोल सांगतो की आपण हलतोय. या भांडणातून मळमळ सुरू होते. म्हणून उपाय आहे उघड्या डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे बघत बसण्याचा. केबिनमध्ये मोबाइलकडे बघत पडून राहिलं तर वाढतं. ॲव्होमिनसारखी गोळी त्रास व्हायच्या आधी, जहाज सुटण्यापूर्वी तासभर घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. मी आलेपाकाची पाकीटबंद पुडी नेली होती आणि आईने गोळीही घेतली होती. पहिल्या रात्री जहाज थोडं डुललं, तिने कॉरिडॉरचा कठडा दोन्ही हातांनी धरला, जरा थांबली आणि म्हणाली, “चल, जेवायला जाऊ.”

रोजची औषधं सफरीपेक्षा दोन-तीन दिवस जास्त पुरतील इतकी घ्या, चिठ्ठीसकट. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचं बिल मोठं येतं आणि गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलवणं फारच महाग पडतं. प्रवास विम्यात समुद्रप्रवास धरला आहे का ते वाचून बघा. गरोदर बाईला २४ आठवडे झाले असतील तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही साधारण हाच नियम आहे. बुफेला जाताना साबणाने हात धुवा. जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या साथींवर नुसता सॅनिटायझर पुरत नाही.

६. बॅगा दोन

मोठी बॅग धक्क्यावर घेतात आणि ती केबिनमध्ये काही तासांनी येते. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत औषधं, ओळखपत्रं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि मुलांचा एक जोड ठेवा. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, अगरबत्ती, निरांजन यांतलं काहीही नेऊ नका. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, आणि तपासणीत ते काढून घेतात. रोज देवापुढे दिवा लावणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी वाईट वाटत नाही. घरचे लाडू-चिवडाही बहुधा आत सोडत नाहीत.

एक लहानशी वस्तू मात्र आठवणीने न्या: चुंबक. केबिनचं दार आणि भिंती बहुधा पोलादी असतात. लांबच लांब कॉरिडॉरमध्ये एकसारखी शंभर दारं असतात, आणि आईला आमचं दार सापडेना. मग तिने घरच्या फ्रिजवरून आणलेला गणपतीचा चुंबक दारावर लावला. दुसऱ्या दिवसापासून शेजारचे आजोबाही तोच गणपती बघून आपलं दार शोधू लागले. हुक असलेले चुंबक मिळाले तर ओले टॉवेल टांगायलाही होतात.

७. चढल्यावर आधी कवायत

मुंबईचं क्रूझ टर्मिनल फोर्ट भागात, बॅलार्ड पिअरला आहे. सीएसएमटीहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. वेब चेक-इन घरीच करा आणि दिलेल्या वेळेलाच पोचा.

चढल्यावर सगळे बुफेकडे धावतात. जा, पण सुरक्षेची कवायत चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटलं आणि ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ही कवायत सक्तीची झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा इशारा लक्षात ठेवा. आपली जमायची जागा कुठली, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, तोंडपाठ हवं. केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने एकदा चालून या.

किनारा सुटला की फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाका. जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि त्याचं रोमिंग बिल भयंकर येतं.

८. गोव्यात उतरताना

जहाज मुरगाव बंदराला लागतं, पणजीला नाही. पणजी तिथून साधारण ३० किलोमीटर. एका दिवसात मंगेशी, जुनं गोवं, पणजी आणि समुद्रकिनारा असं सगळं कोंबू नका. एक-दोन ठिकाणं नीट बघा. कंपनीची सहल महाग असते, पण तिची बस उशिरा आली तर जहाज सहसा वाट बघतं. स्वतः टॅक्सी केलीत तर परतीची जबाबदारी तुमची. जहाजावर परतायची शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेआधी बरीच असते. ती कागदावर लिहून घ्या आणि त्याच्याही तासभर आधी परत या. परदेशी बंदरात जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्याचं घड्याळ वेगळं असू शकतं. तुम्ही जहाजाचं पाळा.

९. शेवटची रात्र आणि शेवटची सकाळ

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्टी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला आणि चष्मा आधी बाजूला काढा. बिल त्याच रात्री तपासा, सकाळी काउंटरवर रांग असते. उतरायला वेळ लागतो, म्हणून परतीची गाडी दुपारनंतरचीच काढा.

आणि त्या सकाळी गजर लावून लवकर उठा. जहाज मुंबई बंदरात शिरताना डेकवर डाव्या बाजूला उभे राहा. आधी कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्सचं दीपगृह दिसतं, मग हळूहळू गेटवे. आई शाल गुंडाळून कठड्याशी उभी होती. दीपगृह माझ्याआधी तिनेच ओळखलं.