बुद्धिबळाच्या व्हेरियंटसाठी (नियम बदललेल्या प्रकारासाठी) पोझिशन लिहायचं नोटेशन बनवताय? या चुका टाळा

गेल्या दिवाळीत मी आणि माझा आतेभाऊ देशी नियमांनी बुद्धिबळ खेळत होतो, म्हणजे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार, कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) नाही, आणि त्याबदल्यात राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं मारायची मुभा, तीही त्याआधी शह बसला नसेल तरच. डाव अर्धवट राहिला, मी मोठ्या हुशारीने पोझिशन फेनमध्ये (FEN, पट एका ओळीत अक्षरं-आकड्यांनी लिहायची पद्धत) वहीत उतरवून ठेवली. भाऊबीजेला डाव परत मांडला तर तिसऱ्याच चालीला साहेबांचा राजा टुणकन उडाला. म्हटलं अरे तुझी उडी मारून झालीय, तर म्हणे दाखव कुठे लिहिलंय. कुठेच लिहिलं नव्हतं, काय दाखवणार?

हीच सगळ्यात मोठी चूक. पटाचा फोटो म्हणजे पोझिशन नव्हे. फोटोत जे दिसत नाही पण पुढच्या चाली ज्यावर ठरतात ते सगळं लिहावं लागतं. साध्या बुद्धिबळाच्या फेनमध्ये म्हणूनच सहा रकाने असतात: पट, चाल कोणाची, कॅसलिंगचे हक्क, एन पासांचं घर (नुकतंच दोन घरं गेलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारताना ते ज्या घरात जातं ते), मार किंवा प्याद्याची चाल न होता गेलेल्या अर्ध्या चाली आणि चालीचा नंबर. मूळ कल्पना १९व्या शतकातल्या डेव्हिड फोर्साइथ या स्कॉटिश पत्रकाराची, कॉम्प्युटरसाठी ती वाढवली स्टीव्हन एडवर्ड्सने. पण हे रकाने त्या एका खेळाच्या मापाचे आहेत. आपण व्हेरियंट घेतो आणि रकाने तेच ठेवतो, मग भाऊबीजेला भांडणं होतात. प्रत्येक नियम हातात घ्या आणि विचारा, हा नियम लावायला मला मागच्या चाली माहीत असाव्या लागतात का? हो असेल तर रकाना पाहिजे. देशी डावात दोन्ही राजांच्या उडीचा एकेक हक्क, बास. कॅसलिंगचा आणि एन पासांचा रकाना तिथे उगाच ठेवू नका.

उलटी चूक पण तेवढीच त्रास देते: एकच पोझिशन दोन प्रकारे लिहिता येणं. साध्या बुद्धिबळातच बघा, मूळ नियमाप्रमाणे प्यादं दोन घरं गेलं की एन पासांचं घर लिहायचंच, मारणारं प्यादं शेजारी असो वा नसो. काही प्रोग्रॅम मात्र खरंच मारता येत असेल तरच लिहितात. मग पहिलीच चाल ई-४ झाली तर एक म्हणतो ‘ई-३’, दुसरा नुसती आडवी रेघ, आणि तुम्ही मजकूर जुळवून तिहेरी पुनरावृत्ती (तीच पोझिशन तीनदा) शोधत असाल तर ती हुकते. क्रेझीहाऊस या व्हेरियंटमध्ये मारलेली सोंगटी आपल्या हातात येते आणि नंतर पटावर उतरवता येते, हातातली ती चौकटी कंसात लिहितात, तिथे ‘घोडा प्यादं’ आणि ‘प्यादं घोडा’ दोन्ही चालवलं की हाच घोळ, सबब क्रम आधीच ठरवून टाका. शोगीच्या (जपानी बुद्धिबळाच्या) एस-फेन या नोटेशनमध्ये तर हातात एकाच जातीच्या तीन सोंगट्या असतील तर अक्षराआधी ३ लिहून मोकळे होतात.

क्रेझीहाऊसवरून आठवलं, प्याद्याचा झालेला वजीर मारला की मारणाऱ्याच्या हातात वजीर नाही, प्यादं येतं. पटावर दोन्ही वजीर दिसायला सारखेच! म्हणून बढती मिळालेल्या सोंगटीमागे लाटेसारखी एक खूण टाकतात, ती विसरलात की पाच चालींनी कोणाच्या तरी हातात फुकटचा वजीर.

चेस९६०, म्हणजे मागच्या ओळीतल्या सोंगट्या उलटसुलट मांडून खेळायचं बुद्धिबळ, हे कॅसलिंगचं क्लासिक दुखणं. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला ते जाहीर केलं, सुरुवातीच्या ९६० मांडण्या. समजा राजा डी-१ वर, हत्ती ए-१ आणि एफ-१ वर. डाव रंगात आल्यावर ए-वाला हत्ती फिरत फिरत एच-१ ला पोचला. आता राजाच्या उजवीकडे दोन हत्ती, आणि तुमच्या रकान्यात नुसतं ‘राजाच्या बाजूला कॅसलिंग चालतं’. कोणत्या हत्तीबरोबर? फेनच्या दोन सुधारित पद्धती आहेत. एक्स-फेन म्हणतं सगळ्यात बाहेरचा धरा, कॅसलिंगचा हत्ती तो नसेल तर स्तंभाचं अक्षर लिहा, म्हणजे इथे एफ. श्रेडर-फेन म्हणतं कायम स्तंभाचंच अक्षर लिहा. मला दुसरं आवडतं, कारण अपवाद म्हटला की बग आलाच.

मोठे पट: कॅपाब्लांका चेसचा पट १० बाय ८. रिकामी ओळ ‘१०’. जुना कोड एकेक अंक वाचतो, एक रिकामं घर, मग शून्य, आणि दहा घरांच्या ओळीचं एक घर होतं. १२ घरांच्या पटावर ‘११’ म्हणजे अकरा की एक अधिक एक? लागून आलेले अंक एकच संख्या, असं लिहूनच ठेवा.

‘पांढऱ्याची चाल’ हे पण गृहीत धरू नका, शोगीत पहिला खेळतो तो काळा आणि शिआंगछीत (चिनी बुद्धिबळात) लाल. तीन शह दिले की जिंकलं, अशा व्हेरियंटमध्ये लिहिलेला आकडा दिलेल्या शहांचा की उरलेल्या, दोन्ही पद्धती चालू आहेत. आणि व्हेरियंटचं नाव सोबत पाहिजेच, अॅटॉमिक आणि किंग ऑफ द हिल या व्हेरियंटची सुरुवातीची पोझिशन साध्या डावासारखीच दिसते.

आता मराठीत करायचा मोह. मी केलाय, म्हणून सांगतो. इंग्रजीत मोठं अक्षर पांढऱ्याचं, छोटं काळ्याचं. आपल्याकडे मोठं-छोटं अक्षरच नाही, त्यामुळे ‘हघउवरउघह’ ही ओळ कोणाची, देव जाणे. मी काळ्या सोंगटीआधी टिंब लावलं, ‘.ह.घ.उ’ असं. त्याआधीची चूक अजून भारी होती, ‘ह घो उं व रा उं घो ह’ लिहिलं आणि कोड म्हणाला ओळीत १३ घरं आहेत, कारण काना, मात्रा, अनुस्वार तो वेगळे मोजतो. एका सोंगटीला एकच बिनकान्याचं अक्षर घ्या. आकडे पण एकाच लिपीतले ठेवा, मराठी ८ आणि इंग्रजी आठ कॉम्प्युटरला वेगळे वाटतात. आणि ‘ह’ शिआंगछीत वापरताना जपून, आपला हत्ती सरळ सुसाट धावतो, त्यांचा तिरका दोन घरं जातो आणि नदी ओलांडत नाही.

टेस्ट सोपी आहे. मजकुरावरून पट बनवा, पटावरून परत मजकूर बनवा, दोन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. मग एकच पोझिशन दोन वेगळ्या चालक्रमांनी आणा, चालींचे दोन आकडे वगळून मजकूर सारखाच यायला हवा. तिसरी टेस्ट मी आतेभावासाठी ठेवलीय: पट तोच, फक्त उडीचा हक्क संपलेला, आणि मजकूर वेगळा आलाच पाहिजे.