सुरीचं चामडी म्यान सैल पडलं, तर

म्यान उलटं धरल्यावर सुरी घसरत असेल, तर आधी चामडं तपासा. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं मऊ चामडं आकार धरत नाही, त्यावर मेहनत फुकट. कोल्हापुरी चपलेसारखं, वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेलं सुमारे ३ मिमी चामडं असेल तर नव्याने शिवायची गरज नाही; ते ओलं करून पुन्हा सुरीच्या आकारात बसवता येतं.

सुरी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. हे टाळू नका: ओल्या चामड्यातलं टॅनिन (कमावण्याचं वनस्पतीजन्य द्रव्य) लोखंडाला लागलं की निळे-काळे डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. म्यान कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. पृष्ठभागाचा मूळ रंग परतू लागला की सुरी घाला आणि चमच्याच्या पाठीने मुठीच्या मुळाशी दाबत राहा. पकड तिथे येते; पात्याभोवती दाबून काही साधत नाही, उलट धार चामड्यात शिरते. सावलीत दिवसभर वाळवा. ऊन किंवा हेअर ड्रायर नको, चामडं आकसून तडकतं.

शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. जास्त तेलाने म्यान पुन्हा लुळं पडतं.

शिलाईचा दोराच कापला जात असेल तर मात्र कडेला दोन थरांमध्ये चामड्याची पट्टी घालून पुन्हा शिवावंच लागेल.