लिलावात बोली अडली, भाड्याच्या हिशेबाने सुटली

जुन्या पितळी भांड्यांची बोली अडते ती बहुधा कुरियरच्या भाड्यापायी. घंगाळाचं खोकं ४५×४५×३० सेंमी. गुणाकाराला ५००० ने भागलं की १२.१५ किलो. हे आकारावरून काढलेलं वजन आणि खरं वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे लागतात. म्हणून घंगाळं बेळगाव-खानापुरातच विकायला काढली. लिलावात फक्त पाण्याचे तांबे, समया (२०×२०×२५, म्हणजे २ किलो). राखीव किंमत (जिच्याखाली माल द्यायचा नाही ती) काढून टाकली, पहिली बोली खरेदीची किंमत अधिक पॅकिंग एवढीच. लिलावाचा शेवट रविवारी रात्री ९ ला. समया लिलावात काढायच्या त्या गणपतीच्या तीन आठवडे आधी. पॉलिश मारू नका, जुनेपण जातं. हलकी चिंच पुरे. डाग दिलेल्या (झाळून सांधलेल्या) जागेचा फोटो हवाच, नाहीतर माल परत येतो. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू परदेशी धाडायची नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो.