एटीव्हीचा मेन जेट बदलला

हिप्परग्याकडच्या शेतात फिरवायच्या एटीव्हीला (जाड टायरांची, हँडलवाली चारचाकी) मोकळा एअर फिल्टर बसवल्यापासून ती पूर्ण रेसवर गचके द्यायची. आयडलला, म्हणजे रेस न देता, मात्र ठणठणीत. स्पार्क प्लग काढला तर पांढराफटक. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि वरच्या रेसला पेट्रोल मोजतो मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला भोक असलेला छोटा स्क्रू. आयडलचं पेट्रोल मोजणाऱ्या पायलट जेटला हातच लावला नाही.

पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी केली. जेट पितळी, मऊ; खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हरच हवा. ११० नंबरचा काढून ११५ चा बसवला. आकडा मोठा तसं भोक मोठं. तार घालून भोक वाढवणारे मिस्त्री असतात, त्यांना लांबूनच नमस्कार! प्लग आता तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की हवा विरळ होऊन पेट्रोलचं प्रमाण वाढतं, तेव्हा ११२.५ लावून बघेन.