खासदाराचं मत शोधताना: कोऱ्या रकान्याचं काय करायचं?

खासदाराची मतदानाची नोंद काढायला बसलेला माणूस पहिल्या आठवड्यातच वैतागतो. जे शोधायचं ते बहुतेक वेळा कुठे लिहिलेलंच नसतं. अमेरिकेतल्या काँग्रेसच्या नोंदी पाहून आलेल्यांना तर हे पटतच नाही. तिथे मोठ्या विधेयकावर कोणी काय मत दिलं हे नावानिशी मिळतं, मग इथे का नाही? कारण आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने निघतात. दोन्ही बाजू ओरडतात, अध्यक्ष निकाल सांगतात, विषय संपतो. नावं कोणी टिपून घेत नाही.

ही गोष्ट फक्त किरकोळ विधेयकांची नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. राज्यसभेत मतविभाजनाची, म्हणजे मतं मोजून घेण्याची, मागणी होऊनही ते झालं नाही. वर्षभराने, २९ नोव्हेंबर २०२१ला, तेच कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं. १० ऑगस्ट २०२३ला सरकारवरचा अविश्वास ठरावसुद्धा आवाजी मतदानानेच फेटाळला गेला, विरोधक तोवर बाहेर पडले होते. तेव्हा 'आमच्या खासदाराने कृषी कायद्यांवर काय मत दिलं' या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'नोंद नाही' एवढंच आहे. पक्षाची भूमिका सांगता येईल, भाषण सांगता येईल. मत सांगता येणार नाही. कोणी आकड्यानिशी सांगत असेल तर त्याने ते कुठून आणलं हे आधी विचारा.

मग नावं मिळतात कुठे? मतविभाजन झालं तिथे, आणि तिथेही प्रत्येक वेळी नाही. लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे एखाद्या सदस्याने अध्यक्षांच्या निकालाला आव्हान दिलं की लॉबी रिकामी करायला सांगतात, घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडला जातो. मागणी अनावश्यक आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदली जात नाहीत. बटणांनी किंवा चिठ्ठ्यांनी मतदान झालं तरच यादी छापली जाते. हुकमी जागा एकच: घटनादुरुस्ती. कलम ३६८ च्या विशेष बहुमतासाठी मोजणी करावीच लागते. नवख्याने सुरुवात इथूनच करावी, यादी नक्की सापडते आणि हात बसतो.

शोधताना क्रमांकाने फसू नका. विधेयकाचा क्रमांक वेगळा, कायद्याचा वेगळा. महिला आरक्षण १२८वं घटनादुरुस्ती विधेयक म्हणून आलं आणि १०६वी घटनादुरुस्ती झाली. जीएसटीचं १२२वं विधेयक १०१वी दुरुस्ती झालं. चुकीचा आकडा टाकून तासभर शोधत बसणारे कमी नाहीत.

आता यादीकडे. ती चर्चेच्या शब्दशः इतिवृत्तात असते, संसदेच्या संकेतस्थळावर तारखेनुसार. जुनं हवं असेल तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात. यादीच्या वर 'दुरुस्तीच्या अधीन राहून' निकाल दिलेला असतो. हे शब्द शोभेचे नाहीत. फलकावर दिसलेला आकडा हा अंतिम आकडा नसतो. बटण चाललं नाही, चुकीचं दाबलं गेलं, जागा बदललेली होती, अशा सदस्यांची मतं चिठ्ठीवरून घेतली जातात आणि ती तळटिपेत येतात. १७ डिसेंबर २०२४ला 'एक देश, एक निवडणूक'चं विधेयक मांडताना मतविभाजन झालं तेव्हा फलकावर २२० विरुद्ध १४९ दिसलं. चिठ्ठ्या धरल्यावर बाजूचा आकडा २६०च्या पुढे गेला आणि विरोधाचा १९८ झाला. फलकाचा फोटो पाहून कोणी 'अमुक खासदार गैरहजर' लिहिलं असेल, तर तो कदाचित चिठ्ठीत हजर असेल. तळटीप वाचल्याशिवाय तुमच्या तक्त्यातला एकही रकाना भरू नका. बाजूने, विरोधात आणि तटस्थ अशा तीन याद्या असतात, तिन्ही वाचा.

तिन्ही याद्यांत आणि तळटिपेतही नाव नसेल तर? खरा सापळा हाच आहे, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळतो. नवखा माणूस तिथे 'गैरहजर' लिहितो, उत्साही असेल तर 'पळ काढला' लिहितो. यादीत नाव नसण्याचे निदान सहा अर्थ होतात. तो त्या दिवशी आलाच नव्हता. सकाळी सही करून संध्याकाळी मतदानाआधी निघून गेला. पक्षाबरोबर सभात्याग केला. सभागृहात बसून राहिला पण बटण दाबलं नाही. निलंबित होता. किंवा त्या तारखेला तो सदस्यच नव्हता: पोटनिवडणुकीने नंतर आला, राजीनामा दिला होता, राज्यसभेची मुदत संपली होती. पीठासीन अधिकारी हा सातवा प्रकार. आसनावर बसलेली व्यक्ती मतं समसमान पडली तरच मत देते.

प्रत्येक अर्थाची खातरजमा वेगळीकडे करायची. हजेरीपट संकेतस्थळावर दिवसवार मिळतो, पण तो सहीचा असतो. वक्फ दुरुस्ती विधेयकासारखं मतदान, जे २ एप्रिल २०२५ला चर्चा सुरू होऊन मध्यरात्रीनंतर २८८ विरुद्ध २३२ असं झालं, त्यात सकाळच्या सहीवरून रात्रीची उपस्थिती सिद्ध होत नाही. मंत्र्यांना तर सहीच करावी लागत नाही. सभात्यागासाठी इतिवृत्तात ओळ असते, पण ती बहुधा 'श्री. अमुक आणि इतर काही सदस्य सभागृहाबाहेर गेले' अशा थाटाची. तुमचा खासदार त्या 'इतर काही' मध्ये होता का, हे ती ओळ सांगत नाही. अशा वेळी 'पक्षाचा सभात्याग, व्यक्तिशः खात्री नाही' असंच लिहा. ओशाळवाणं वाटतं, पण खरं असतं. निलंबनासाठी त्या अधिवेशनातले ठराव पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते, त्यांत सुप्रिया सुळेही होत्या. त्याच काळात, २० डिसेंबरला, लोकसभेने नवी तीन फौजदारी विधेयकं मंजूर केली. त्या दिवसाच्या रकान्यात 'गैरहजर' लिहिणं म्हणजे सरळ सरळ खोटं.

गैरहजेरीसुद्धा भूमिका असू शकते. जुलै २०१८ च्या अविश्वास ठरावावर १२६ विरुद्ध ३२५ असं मतदान झालं. सत्तेत भागीदार असलेली शिवसेना त्यात उतरलीच नाही. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर याच पक्षाने लोकसभेत बाजूने मत दिलं (३११ विरुद्ध ८०) आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. एका सभागृहाची यादी पाहून पक्षाची भूमिका ठरवणाऱ्याने या उदाहरणाशी जरा थांबावं.

दुसरी चूक मत मिळाल्यावर होते. मत नेमकं कशावर होतं? विधेयक मांडू द्यावं यावर, विचारार्थ घ्यावं यावर, एखाद्या कलमावर, कोणा सदस्याच्या दुरुस्तीवर, की मंजुरीवर? वरच्या १७ डिसेंबरच्या उदाहरणात मत विधेयक मांडण्यावर होतं. 'एक देश, एक निवडणूक मंजूर' म्हणणाऱ्यांनी तो टप्पाच वाचला नव्हता. तक्त्यात 'सभागृहापुढचा प्रश्न' असा स्वतंत्र रकाना ठेवा आणि त्यात इतिवृत्तातलं वाक्य जसंच्या तसं उतरवा. स्वतःच्या शब्दांत नको. तक्त्यातला सगळ्यात कंटाळवाणा रकाना हाच, आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच.

आणि मतामागचं कारण मतात नसतं. महिला आरक्षणावर २० सप्टेंबर २०२३ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मतदान झालं. ते दोघे म्हणजे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल, महिला आरक्षणाला विरोध. भाषण वाचणाऱ्याला कळेल, आक्षेप ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नसण्यावर होता. उलट बाजूचं उदाहरण ऑगस्ट २०२१ मधलं. मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत देणारी घटनादुरुस्ती लोकसभेत एकही मत विरोधात न पडता मंजूर झाली. मराठा आरक्षणावरचे महाराष्ट्रातले मतभेद त्या यादीत शोधाल तर शून्य हाती लागेल. ते सगळे आरक्षणाच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेबद्दलच्या भाषणांत आहेत.

व्हिप, म्हणजे पक्षादेश, विसरू नका. घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी) पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदान टाळलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे व्हिप असलेल्या मतदानातून बहुतांशी पक्ष कळतो, माणूस नाही. व्हिपचा कागद संसदेच्या संकेतस्थळावर नसतो, तो पक्ष काढतो. त्या दिवसांची वर्तमानपत्रं चाळावी लागतात. दोन-चार ओळींचं काम आहे, पण ते टाळून 'याने नेहमी पक्षाच्या बाजूनेच मत दिलं' असा शोध लावण्यात काही अर्थ नाही. दुसरं करणार काय तो?

माणूस दिसतो तो इतरत्र. शून्य प्रहर (तातडीचे मुद्दे मांडायची वेळ), लोकसभेच्या नियम ३७७ खाली मांडलेले मुद्दे, शुक्रवारची अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्यांची) विधेयकं. अशासकीय विधेयक कायदा होईल अशी आशा नकोच, आजवर चौदाच झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. पण खासदाराने स्वतःचं म्हणून काय मांडलं हे तिथे स्वच्छ कळतं. माझ्या मते सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे समितीच्या अहवालाला जोडलेली असहमतीची टिपणी. ती सही करून लिहिलेली असते, ओरडून बोललेली नसते. अहवाल मात्र शुद्धिपत्रांसह उतरवून घ्या. वक्फ विधेयकावरच्या संयुक्त समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हा टिपण्यांतला मजकूर वगळल्यावरून गदारोळ झाला होता. अशा वेळी कोणती प्रत हाताशी आहे यावर सगळं ठरतं.

प्रश्नांच्या संख्येबद्दल माझं मत वाईट आहे, ते लपवत नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. सारखे प्रश्न एकत्र केले जातात, म्हणून एकाच उत्तरावर चार-पाच नावं दिसतात. मजकूर अक्षरशः एकच असलेले प्रश्नही सापडतील. शिवाय २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदार बडतर्फ झाले होते, हे विसरून कसं चालेल? संख्येवर उभ्या राहिलेल्या क्रमवाऱ्या नि पुरस्कार बाजूला ठेवा. तारांकित प्रश्नावर खासदाराने उभं राहून विचारलेला पुरवणी प्रश्न वाचा, तिथे अभ्यास किती ते कळतं. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची खासदारांची पानं हजेरी, प्रश्न, चर्चा यांसाठी चांगली आहेत, सुरुवात तिथून खुशाल करा. पण तिथे मंत्र्यांचे आकडे मिळत नाहीत म्हणून नागपूरचे किंवा उत्तर गोव्याचे खासदार निष्क्रिय ठरवू नका. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात.

चॅटबॉटला विचारण्याचा शॉर्टकट तर नकोच. आवाजी मतदानाने निघालेल्या विधेयकावरही तो खासदाराचं मत ठोकून सांगू शकतो. गुरू करायचाच असेल तर जुना संसद-वार्ताहर करा. कोणता कागद कुठे पडलेला असतो हे त्याला तोंडपाठ असतं, कार्यशाळा घेणाऱ्यांना क्वचितच.

महाराष्ट्रासाठी आणखी एक रकाना सक्तीचा: 'त्या तारखेचा पक्ष'. २०२२ आणि २०२३ च्या फुटींनंतर एकाच खासदारापुढे आजचा पक्ष लिहून जुनी मतं मोजली तर सगळा तक्ता बिघडतो. तारीख आधी, पक्ष नंतर, मत शेवटी, असा क्रम ठेवा.

हे सगळं वाचून घाबरायचं कारण नाही. एक खासदार आणि एक अधिवेशन घेतलं तर नावांच्या याद्या हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतक्याच निघतात, अनेकदा त्याहूनही कमी. काम थोडं आहे, फक्त चिकट आहे. महाराष्ट्राचे लोकसभेतले ४८ एकदम घेऊ नका. एक घ्या, पाच वर्षं घ्या.

भाषणं उतरवताना मराठीचा एक घोळ ध्यानात ठेवा. मराठीतून केलेलं भाषण इतिवृत्तात अनेकदा भाषांतरित होऊन येतं, तारांकन करून तळाशी तसं नमूद केलेलं असतं. ते पुन्हा मराठीत आणून अवतरणात टाकलंत, तर खासदाराच्या तोंडी न बोललेले शब्द जातात. त्या भागापुरतं संसद टीव्हीचं चित्रण लावा आणि ऐकून लिहा. 'पटलावर ठेवलेलं' असा शेरा असलेली भाषणं तर सभागृहात बोललीच गेलेली नसतात, त्यांचं चित्रण शोधत बसू नका. तक्त्यात 'लेखी' एवढी खूण पुरे.