पेशी कमी झाल्या म्हणजे अँटिसेन्स चाललं, असं नव्हे

यकृताच्या कर्करोगाच्या पेशींवर अँटिसेन्स, म्हणजे जनुकाचा संदेश मधेच अडवण्याचं तंत्र, वापरायचं असेल तर आधी जनुक ठरवा, मग ऑलिगो मागवा. बडोद्याला आमच्या लॅबमध्ये येणारी मुलं नेमकं उलटं करतात. नवख्यांना मी सर्व्हायव्हिन सुचवते, पेशीला मरू न देणाऱ्या प्रथिनाचं जनुक. कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर असतं, निरोगी प्रौढ यकृतात जवळपास नसतंच, आणि प्रथिन लवकर झडत असल्यामुळे परिणामाची फार वाट पाहावी लागत नाही.

ऑलिगो म्हणजे साधारण 16 ते 20 अक्षरांचा डीएनएचा एकेरी धागा. तो एमआरएनएला, म्हणजे जनुकाचा संदेश नेणाऱ्या आरएनएला, चिकटला की पेशीतलं आरएनएज एच हे एन्झाइम तो आरएनए कापतं. त्यासाठी मधली 8-10 अक्षरं साध्या डीएनएचीच हवीत. रासायनिक बदल दोन्ही टोकांना, आणि कणा फॉस्फोरोथायोएटचा, म्हणजे सहज न तुटणारा. सलग चार ‘जी’ अक्षरं नकोत, सीजी जोड्या शक्यतो टाळा, आणि ब्लास्ट (हा क्रम दुसऱ्या जनुकांशी जुळतो का, याचा संगणकी शोध) केल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

ऑलिगो कोरडा येतो. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात कुरिअरवाल्याने पार्सल दुपारभर फिरवलं तरी घाबरू नका, कोरडा आहे तोवर तो टिकतो. नळी उघडण्याआधी मात्र मिनिटभर सेंट्रिफ्यूज करा. पावडर झाकणाला चिकटलेली असते, धड दिसतही नाही, आणि झाकण उघडलं की पंख्याच्या वाऱ्यावर जाते. मग हजारोंचा माल गेला म्हणून समजा!

हेपजीटू, म्हणजे यकृताच्या गाठीतून आलेल्या आणि लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या पेशी, पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मिळतात. या पेशींना गठ्ठ्याने राहायची खोड. पेशी तळापासून सोडवणाऱ्या ट्रिप्सिननंतर पिपेटने वरखाली करत राहा आणि मायक्रोस्कोपखाली सुट्या दिसेपर्यंत थांबू नका. गठ्ठ्याच्या पोटातल्या पेशींपर्यंत ऑलिगो आत नेणारं लिपिड पोचतच नाही.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या पेशी, इथे कंजूषी नको. प्लेटमधल्या काही वेल्सना (खळग्यांना) हातच लावू नका, काहींत नुसतं लिपिड, काहींत तेवढ्याच डोसचा, त्याच रसायनाचा पण अक्षरं विस्कटलेला ऑलिगो. शिवाय त्याच जनुकावर दुसऱ्या जागी बसणारा आणखी एक. लिपिडनेही पेशी मरतात, आणि तो आकडा तुम्ही जनुकाच्या नावावर खपवाल. डोस 10, 30 आणि 100 नॅनोमोलर पुरेत.

24 तासांनी क्यूपीसीआर (एमआरएनए मोजायला), 48 तासांनी वेस्टर्न (प्रथिन बघायला), 72 तासांनी एमटीटी (जिवंत पेशींची रंगचाचणी). एमआरएनए उतरला नसेल आणि वाढ मंदावली असेल, तर ते अँटिसेन्सचं काम नव्हे. सोमवारी ट्रान्सफेक्शन केलं, म्हणजे ऑलिगो पेशींत घातला, की एमटीटी गुरुवारी येते, तेवढा हिशोब नवरात्रात आधीच करा. पहाटेपर्यंत गरबा खेळून आलेल्या हातांत 96 वेल्सची प्लेट मी देत नाही.

एमटीटीचे जांभळे स्फटिक तळाशी असतात, तेव्हा मीडिया (पेशींचं पोषक द्रव) वेलच्या कडेने हळू काढा, मग डीएमएसओ घाला आणि 570 नॅनोमीटरला वाचा. हा रंग पेशींचा चयापचय दाखवतो, संख्या नव्हे. म्हणून मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपॅन ब्लू घालून पेशी मोजाच.

मग तेच सगळं एचयूएच-7 या यकृत-कर्करोगाच्या दुसऱ्या पेशींवर करा. हेपजीटू 15 वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आली आणि ती गाठ हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे मुलांत होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाची, होती असं पुढे ठरलं. एचयूएच-7 प्रौढाच्या हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची, म्हणजे प्रौढांतल्या नेहमीच्या यकृत-कर्करोगाची. हेपजीटूत पी53 हे बिघडलेल्या पेशींना आवरणारं जनुक शाबूत आहे, एचयूएच-7 मध्ये बिघडलेलं, त्यामुळे दोन्हींत आकडे सारखे येतील असं धरून चालू नका.